साडेचार फुटांच्या पट्ट्या

टेनिस कोर्टाच्या दोन्ही कडांना साडेचार-साडेचार फूट रुंदीच्या दोन लांबलचक पट्ट्या आखलेल्या असतात. एकेरीच्या सामन्यात त्यांवर पडलेला चेंडू बाद. दुहेरी सुरू झाली की या पट्ट्या खेळात येतात, २७ फुटांचं कोर्ट ३६ फुटांचं होतं आणि दोनाऐवजी चार माणसं उभी राहतात. या पट्ट्यांच्या भरवशावर ज्यांनी आपलं सगळं व्यावसायिक आयुष्य काढलं, त्या दुहेरीच्या खेळाडूंविषयी हे पुस्तक आहे. त्यातला मोठा भाग रोहन बोपण्णाभोवती फिरतो.

बोपण्णाच का, असं कुणीही विचारेल. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांच्या नावावर त्याच्याहून कितीतरी जास्त ग्रँड स्लॅम आहेत. १९९९ साली ते दोघे चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचले, त्यांतली फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन त्यांनी जिंकली, आणि आपल्याकडच्या घराघरांत दुहेरीची चर्चा व्हायला लागली ती त्यांच्यामुळेच. पण ते दोघे ऐन उमेदीत शिखरावर पोचले. बोपण्णाची वाट फार लांबची. २००३ साली तो व्यावसायिक झाला; पुरुष दुहेरीचं पहिलं ग्रँड स्लॅम हाती आलं २०२४ च्या जानेवारीत, एकसष्टाव्या प्रयत्नात, त्रेचाळीस वर्षं पुरी झाल्यावर. मधल्या वीस वर्षांत दुहेरीच्या खेळाडूच्या वाट्याला जे जे येऊ शकतं ते सगळं त्याच्या वाट्याला आलं: जोड्या जुळणं, मोडणं, क्रमवारीत घसरणं, देशाच्या संघातले वाद, गुडघे, रिकाम्या स्टँडसमोरचे सामने. हा पेशा समजून घ्यायचा असेल तर याच्याइतकं भरलेलं दुसरं चरित्र मला दिसत नाही.

कोडगूच्या कॉफीमळ्यात वाढलेला हा मुलगा. वडिलांची इच्छा अशी, की मुलानं एखादा वैयक्तिक खेळ खेळावा. पुढं हाच मुलगा आयुष्यभर कुणाच्या तरी सोबतीनं खेळला. किशोरवयात तो पुण्याला आला आणि नंदन बाळ यांच्याकडे शिकला. टेनिसमधल्या पुण्याच्या योगदानाचा विषय निघाला की आपण बहुधा इथं जन्मलेल्यांची नावं घेतो. बाहेरगावाहून येऊन इथं घडलेल्यांची यादीही मांडायला हवी, आणि तीत हे नाव वर असायला हवं.

दुहेरीबद्दल एक समज पक्का रुजलेला आहे: एकेरीत जमलं नाही की माणूस दुहेरीकडे वळतो. यात निम्मं तथ्य आहे, आणि ते मान्य करूनच पुढं जायला हवं. बोपण्णाची एकेरीतली सर्वोत्तम क्रमवारी २१३, तीही २००७ सालची. त्या क्रमांकावर मुख्य स्पर्धांमध्ये थेट प्रवेश मिळत नाही. पात्रता फेऱ्या आणि चॅलेंजर स्पर्धा खेळत खर्च भागवावा लागतो. त्याची सर्व्हिस मात्र तेव्हाही जगातल्या कुणालाही जड जाईल अशी होती. २०१० साली चेन्नईत डेव्हिस चषकाच्या लढतीत ब्राझीलविरुद्ध भारत ०-२ असा मागं पडला होता. तिथून बरोबरी झाली आणि शेवटच्या, निर्णायक एकेरीत रिकार्डो मेलोला हरवून लढत जिंकून दिली ती बोपण्णानं. तेव्हा एकेरी खेळता येत नव्हती असं नाही. वर्षाचे तीसेक आठवडे, आठवड्याला चार-पाच सामने, बेसलाइनवर धावत राहणं त्याच्या शरीराला पेलणारं नव्हतं, एवढंच.

उरलेलं निम्मं तथ्य असं, की एकेरीत पहिल्या पन्नासात असलेला खेळाडू दुहेरीत आपोआप चांगला ठरत नाही. दुहेरीचा एखादा गुण जवळून पाहिला तर हे ध्यानात येतं. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार जाळीपाशी उभा असतो. तो एक हात पाठीमागं नेतो आणि बोटांनी खूण करतो: मी मधून आडवा जाणार, किंवा जागेवर राहणार. कधी तो मधल्या रेषेवर जवळजवळ गुडघ्यावर बसतो, म्हणजे तो कोणत्या बाजूला झेपावणार हे समोरच्याला कळू नये. सर्व्हिस कुठं पडणार हे त्याला आधीच माहीत असतं, कारण गुण सुरू होण्यापूर्वी दोघांनी तोंडावर चेंडू धरून ते ठरवलेलं असतं. रिटर्न करणाऱ्याला दोन गोष्टी एकदम साधायच्या असतात: चेंडू जाळीवरून जेमतेम जायला हवा, म्हणजे पलीकडच्याला तो पायाशी उचलावा लागेल, आणि तो जाळीवरच्या माणसाच्या रॅकेटच्या टप्प्याबाहेर असायला हवा. त्यासाठी मिळणारा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास. चौघेही जाळीशी आले की व्हॉलीमागून व्हॉली सुरू होते आणि तिथं ताकदीपेक्षा हात किती हलका आहे याला किंमत येते. एकेरीतला बेसलाइनवरचा राजा या गर्दीत अनेकदा गोंधळलेला दिसतो. त्याला चेंडू मारायला भरपूर जागा लागते. इथं जागा आधीच कुणीतरी अडवलेली असते.

गुण संपला की दोघांचे तळहात एकमेकांना लागतात, मग गुण मिळालेला असो की गेलेला. दूरचित्रवाणीवर हा उपचार वाटतो. पण सोपी व्हॉली जाळीत घालणाऱ्या जोडीदाराकडे पुढच्या वीस सेकंदांत कसं पाहायचं, काय बोलायचं, किती गप्प राहायचं, यावर सामने फिरतात. माझ्या मते दुहेरीतलं सगळ्यात अवघड कसब हेच आहे आणि ते कोणत्याही अकादमीत शिकवून येत नाही. वयानं येतं. म्हणूनच या पेशात माणसं उशिरा पिकतात.

नियमांचाही यात वाटा आहे. २००५ साली पुरुषांच्या टूरनं दुहेरीचे सामने छोटे करायचं आणि एकेरीच्या खेळाडूंना दुहेरीत अधिक जागा द्यायचं ठरवलं. दुहेरीचे खेळाडू चिडले. ब्रायन बंधूंसह त्यांच्यातले अनेकजण न्यायालयात गेले. शेवटी तडजोड झाली. तेव्हापासून टूरवरच्या दुहेरीत ड्यूसनंतर अॅडव्हांटेज नाही, एकच निर्णायक गुण. आणि एकेक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत मात्र पूर्ण सेट खेळले जातात. हा बदल मला एके काळी खेळाची कापाकापी वाटायचा. आता वाटतं, त्यानं सामन्याचा धोका वाढवला आणि खेळाडूंची वर्षंही वाढवली. तास-सव्वा तासात संपणारा सामना चाळिशीतल्या गुडघ्यांना झेपतो. दर काही गेमनंतर एकाच चेंडूवर गेम ठरणार असेल, तर त्या क्षणी हुकमी सर्व्हिस करणारा माणूस जोडीत हवाच, आणि बोपण्णाकडे ती सर्व्हिस होती.

जोडीदार हा या पुस्तकाचा खरा विषय. बाहेरच्या माणसाला एक गोष्ट लवकर ध्यानात येत नाही: दुहेरीतली क्रमवारी जोडीची नसते, प्रत्येकाची स्वतःची असते. स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमांकांची बेरीज पाहून. म्हणजे जोडीदार दुखापतीनं तीन महिने बसला की याला दुसरा शोधावा लागतो. आपला क्रमांक घसरला की चांगला जोडीदार आपल्याशी खेळायला का तयार होईल, हाही प्रश्न असतोच. हंगाम संपत आला की लॉकर रूममध्ये आणि फोनवर बोलणी सुरू होतात: पुढच्या वर्षी कुणाबरोबर? यात मैत्री असते, हिशेब असतो आणि नकारही असतात. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ज्याच्याबरोबर एका टेबलावर जेवलो त्याच्याविरुद्ध उपान्त्य फेरी खेळायची, हे नेहमीचं. बोपण्णानं पहिलं टूर विजेतेपद मिळवलं ते २००८ साली लॉस एंजेलिसला, अमेरिकेच्या एरिक ब्युटोरॅकबरोबर. नंतर कुरेशी, भूपती, रॉजर-व्हॅसेलिन, मर्जिया, क्युव्हास, दिविज शरण, शापोव्हालोव्ह, मिडलकूप, एब्डेन. ही यादी पूर्ण नाही.

या सगळ्यांत पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबरची जोडी लोकांच्या मनात राहिली, आणि ते योग्यच आहे. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘इंडो-पाक एक्स्प्रेस’ म्हटलं. युद्ध थांबवा, टेनिस सुरू करा, अशा अर्थाचं वाक्य छापलेले कपडे घालून ते कोर्टावर उतरायचे. २०१० च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्याला दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत शेजारी शेजारी बसले होते. समोर ब्रायन बंधू. दोन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले आणि दोन्ही या जोडीच्या हातून निसटले. पण इथं मला एक मुद्दा ठासून सांगावासा वाटतो. ही जोडी शांततेचं प्रतीक म्हणून जमली नव्हती. दोघांची सर्व्हिस चांगली, दोघे जाळीकडे धावणारे, दोघांच्या क्रमवारीचा मेळ बसत होता आणि एकमेकांशी पटत होतं. प्रतीक नंतर आलं. दोन माणसांना रोजच्या कामात एकमेकांची गरज लागते तेव्हा काय होऊ शकतं, हे त्यातून दिसलं, म्हणून ते प्रतीक खरं होतं.

याच्या उलट २०१२. लंडन ऑलिंपिकसाठी टेनिस संघटनेला एक जोडी हवी होती, खेळाडूंना दुसरी. भूपती आणि बोपण्णा त्या वर्षी टूरवर एकत्र खेळत होते. दोघांनीही पेसबरोबर खेळायला नकार दिला. अखेर दोन जोड्या गेल्या: भूपती-बोपण्णा आणि पेस-विष्णू वर्धन. दोन्ही दुसऱ्या फेरीत बाद. परतल्यावर भूपती आणि बोपण्णावर दोन वर्षांची बंदी घातली गेली आणि ती कर्नाटक उच्च न्यायालयानं स्थगित केली. त्या दिवसांत भारतातल्या क्रीडापानांवर दुहेरीला जेवढी जागा मिळाली तेवढी कुठल्याही विजेतेपदाला मिळाली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं. वाद कुणाचा खरा, हे ठरवायचा मोह मी या पुस्तकात टाळला आहे. एवढं मात्र म्हणेन, की जोडी वरून नेमता येते ही समजूतच चुकीची आहे. ज्यांनी वर्षभर एकमेकांच्या खुणा वाचलेल्या असतात त्यांना सोडवून नव्यानं जुळवायचं, तेही ऑलिंपिकच्या तोंडावर, यात क्रीडाशास्त्र नव्हतं. आणि त्याच वर्षी पॅरिस मास्टर्स जिंकून, टूरच्या वर्षअखेरच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठून भूपती-बोपण्णा यांनी आपली बाजू कोर्टावर मांडली.

त्यानंतरची वर्षं बाहेरून पाहणाऱ्याला सपाट वाटतील. २०१३ मध्ये क्रमवारीत तिसरा क्रमांक. २०१५ मध्ये रुमानियाच्या फ्लोरिन मर्जियाबरोबर विम्बल्डनची उपान्त्य फेरी. तेव्हा विम्बल्डनची पुरुष दुहेरी पाच सेटची असायची, आणि पाचवा सेट त्यांनी ११-१३ असा गमावला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाबरोबर मिश्र दुहेरीत पदक दोनदा हातातोंडाशी आलं. उपान्त्य सामना गेला, मग कांस्यपदकाचाही गेला. २०१७ साली फ्रेंच ओपनच्या मिश्र दुहेरीत कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर पहिलं ग्रँड स्लॅम मिळालं, तेही सामना हरण्याच्या उंबरठ्यावरून परत येऊन: २-६, ६-२, १२-१०. पुरुष दुहेरीचं राहिलंच.

मग गुडघे. दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजून संपली होती. इंजेक्शनांवर खेळ चालला होता. २०२० मध्ये कोविडनं टूर थांबली तेव्हा त्यानं अय्यंगार योग सुरू केला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी उभी केलेली ती पद्धत, दोर, ठोकळे, पट्टे वापरून शरीराला हळूहळू सरळ रेषेत आणणारी. तिच्यामुळे गुडघ्यांचं दुखणं थांबलं आणि पाय व खांदे बळकट झाले, असं त्यानं पुढं अनेकदा सांगितलं आहे. तरी लगेच यश आलं नाही. २०२१ च्या सुरुवातीला सलग पाच महिने एकही सामना जिंकता आला नाही. पोर्तुगालमध्ये असताना त्यानं पत्नीला चित्रफीत पाठवून विचारलं, आता थांबावं का? चाळिशी उलटलेली, घरी लहान मुलगी, आणि विमानाची तिकिटं, हॉटेल, प्रशिक्षकाचा खर्च सगळा स्वतःच्या खिशातून. हा प्रसंग मी पुस्तकात सविस्तर घेतला आहे, कारण दुहेरीच्या बहुतेक कारकिर्दी नेमक्या इथं संपतात. बातमी न होता संपतात. बोपण्णाची संपली नाही.

२०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डेन जोडीला आला. मार्चमध्ये इंडियन वेल्स जिंकून बोपण्णा मास्टर्स मालिकेतला सर्वांत वयस्क विजेता ठरला. विम्बल्डनमध्ये उपान्त्य फेरी, मग अमेरिकन ओपनचा अंतिम सामना. त्या सामन्यातला एक क्षण आवर्जून पाहावा. तिसरा, निर्णायक सेट चालू आहे. एक गुण बोपण्णाच्या जोडीला मिळालेला आहे. पंचांना काही दिसलेलं नाही, समोरच्या जोडीनं काही मागितलेलं नाही. बोपण्णा स्वतःहून सांगतो, की चेंडू माझ्या हाताला ओझरता लागला. नियमानुसार गुण समोरच्याला जातो. समोर राजीव राम आणि जो सॅलिसबरी होते, आणि तो सामना त्यांनी जिंकला. ग्रँड स्लॅमच्या अंतिम सामन्यात, त्रेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा अशी संधी येईल की नाही हे ठाऊक नसताना, कुणी न विचारता गुण देऊन टाकणं मला त्याच्या कुठल्याही चषकापेक्षा मोठं वाटतं.

चारच महिन्यांनी मेलबर्नला त्याच जोडीनं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. अंतिम सामन्यात इटलीच्या सिमोन बोलेली आणि आंद्रेया वावासोरी यांच्यावर ७-६, ७-५ असा विजय. पहिल्या सेटच्या टायब्रेकमध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळाला नाही. दोन दिवसांनी, २९ जानेवारी २०२४ ला, बोपण्णा दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर आला. त्या वयात पहिल्यांदा अव्वल ठरलेला दुसरा खेळाडू नाही. त्याच आठवड्यात पद्मश्री जाहीर झाली.

या टूरचं वर्तुळ किती लहान आहे, ते इथं सांगायला हवं. न्यूयॉर्कला आडवा आलेला राजीव राम हाच, जो रिओत व्हीनस विल्यम्सबरोबर बोपण्णा-सानियाच्या विरुद्ध उपान्त्य सामन्यात होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये श्रीराम बालाजीबरोबर खेळताना बोपण्णा पहिल्याच फेरीत हरला, तो गेल मॉन्फिस आणि एदुआर रॉजर-व्हॅसेलिन यांच्याकडून. २०१३ मध्ये रॉजर-व्हॅसेलिनबरोबरच त्यानं विम्बल्डनची उपान्त्य फेरी गाठली होती. भारतासाठी खेळणं त्यानं तिथंच थांबवलं. त्याच ऑलिंपिकमध्ये एब्डेननं आपल्याच देशाच्या जॉन पीअर्सबरोबर सुवर्णपदक जिंकलं. जोडीदाराचं यश असं दुसऱ्या झेंड्याखाली पाहावं लागणं, हेही या पेशातच येतं.

मराठी वाचकाला या कहाणीत आपली माणसं भेटतील. म्हाळुंगे-बालेवाडीच्या कोर्टावर टाटा ओपन महाराष्ट्र भरत असे तेव्हा बोपण्णानं ती दोनदा जिंकली, २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीत त्याच्या जोडीला ऋतुजा भोसले होती. पहिला सेट २-६ असा गेल्यावर चिनी तैपेईच्या जोडीला त्यांनी ६-३, १०-४ असं हरवून सुवर्ण आणलं. ऋतुजाचा तो खेळ मला फार महत्त्वाचा वाटतो. नामवंत जोडीदाराशेजारी उभं राहिलं की समोरचे सगळे चेंडू आपल्याकडेच येतात; मिश्र दुहेरीत तर हमखास. त्या माऱ्यात ती टिकली. त्याआधी १९९४ ला हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत पेसबरोबर गौरव नाटेकरनं सुवर्ण जिंकलं होतं, हेही आज फारसं कुणाला आठवत नाही.

आता पैशांविषयी, कारण त्याशिवाय ही प्रस्तावना अर्धवट राहील. ग्रँड स्लॅममध्ये एकेरीच्या विजेत्याला मिळणाऱ्या रकमेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी रक्कम दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळते, आणि तीही दोघांत वाटली जाते. आयोजक म्हणतात, लोक तिकिटं एकेरीसाठी काढतात. हा युक्तिवाद खोटा नाही. पण दुहेरीचे सामने लांबच्या कोर्टांवर लावायचे, प्रक्षेपण करायचं नाही, आणि मग प्रेक्षक नाहीत म्हणायचं, हे मला पटत नाही. २०२५ च्या अमेरिकन ओपननं मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात हलवली, सोळाच जोड्या ठेवल्या आणि बहुतेक जागा एकेरीच्या बड्या नावांना दिल्या. विजेत्या जोडीला दहा लाख डॉलर. स्टेडियम भरलं, हे कबूल. आणि जिंकलं कोण? सारा एरानी आणि आंद्रेया वावासोरी, दुहेरीत मुरलेली जोडी, आदल्या वर्षीचेच विजेते. अंतिम सामन्यात इगा श्विऑन्टेक आणि कॅस्पर रूड यांना त्यांनी हरवलं. दुहेरी हे स्वतंत्र कसब आहे, यासाठी मला याहून मोठा पुरावा नको.

बोपण्णानं १ नोव्हेंबर २०२५ ला निवृत्ती जाहीर केली. शेवटचा सामना पॅरिस मास्टर्समध्ये, कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिकबरोबर. टूरवरची विजेतेपदं २६. खेळत असतानाच त्यानं भारतातल्या दुहेरीच्या खेळाडूंसाठी ‘डबल्स ड्रीम ऑफ इंडिया’ हा उपक्रम सुरू केला होता. त्यामागचा विचार साधा आहे. शंभराच्या आसपास क्रमवारी असलेल्या खेळाडूला प्रशिक्षक आणि फिजिओ सोबत नेणं परवडत नाही. म्हणून तो एकटा फिरतो, दुखणं अंगावर काढतो आणि दोन-तीन वर्षांत थकतो. तिघा-चौघांत मिळून एक प्रशिक्षक, एक फिजिओ दिला तर तो जास्त वर्षं टिकेल. युकी भांब्रीची गोष्ट यासंदर्भात शेवटच्या प्रकरणात येते: गुडघ्यांनी एकेरी संपवली, तो दुहेरीकडे वळला आणि २०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये न्यूझीलंडच्या मायकल व्हीनसबरोबर उपान्त्य फेरीपर्यंत पोचला. त्या सामन्यात पलीकडच्या बाजूला जो सॅलिसबरी होता.